औसा–लामजना रस्त्यावरची टाइम ट्रायल : आपल्या रस्त्यांना हीच शर्यत मानवते

मांजराकाठ

आपल्याकडे सायकल क्लब म्हटलं की रॅली. पर्यावरण दिनाची रॅली, प्रजासत्ताक दिनाची रॅली, आषाढीला पंढरपूरची सायकल वारी. त्यातून ज्यांना गोडी लागते ते पुढे ब्रेव्हेकडे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सफरीकडे वळतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत. हे सगळं हवंच. पण 'मी किती जोरात चालवू शकतो' हे ज्याला बघायचंय त्याच्यासाठी लातूर-धाराशिव पट्ट्यात जागाच नव्हती. घोळक्याने सुटणारी शर्यत घ्यायची तर रस्ता बंद करावा लागतो, आणि गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर कोण थांबवणार? थांबवूही नयेत. शेतकऱ्याची मोळी वाळते तिथं.

म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या क्लबाने टाइम ट्रायल घेतली. औशाबाहेरून सुरुवात, लामजना पाटीच्या दिशेने दहा किलोमीटर, तिथून वळून परत. दर मिनिटाला एक स्वार सुटणार, प्रत्येकाची लढत घड्याळाशी. गिअरच्या आणि साध्या सायकलींचे गट वेगळे. मी वळणावर मार्शल होतो आणि नंतर निकालाच्या कागदांवर बसलो. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या क्लबाने वर्षातून दोन-तीनदा हे करावं. त्यासाठी रस्ता बंद करावा लागत नाही, मोठा खर्च नाही, आणि साध्या सायकलवाल्यालाही त्यात मानाने उतरता येतं.

मुळात ही पद्धत जन्माला आली तीच रस्त्यावरच्या अडचणीतून. इंग्लंडात १८९० च्या दशकात घोळक्याच्या शर्यती व्हायच्या, घोडे बुजायचे, पोलिसांकडे तक्रारी जायच्या. तेव्हा एफ. टी. बिडलेक या सायकलपटूने पुढाकार घेतला आणि १८९५ साली नॉर्थ रोड सायकलिंग क्लबने एकेक स्वार सोडून नुसती वेळ मोजायची शर्यत घेतली. पुढे कित्येक वर्षं तिकडचे स्वार भल्या पहाटे, अंगभर काळे कपडे घालून निघायचे. मार्गाचं नावसुद्धा उघड लिहायचे नाहीत, अक्षर-आकड्यांची खूण लिहायचे. आपल्याला लपायचं कारण नाही. ठाण्यात अर्ज दिला, वाटेवरच्या ग्रामपंचायतींना पत्रं दिली, एक रुग्णवाहिका उभी ठेवली. पण मूळ विचार तोच: रस्ता सगळ्यांचा आहे, तो आपण अडवायचा नाही.

आता त्या दिवसाबद्दल. सात वाजता पहिला स्वार सुटला. थंडी चांगलीच होती, दोन्ही अंगांना हरभरा, मध्ये मध्ये फुलोऱ्यातली ज्वारी. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे वारा बहुतेक पूर्व-ईशान्येकडून येतो आणि हा रस्ता साधारण दक्षिणेला जातो, त्यामुळे जाताना वारा डाव्या खांद्यावर, येताना उजव्या. समोरचा वारा निदान कळतो तरी. हा आडवा वारा कळत नाही, नुसता दम काढतो. सातच्या सुमाराला पान हलत नव्हतं, आठनंतर सुटला तो सुटलाच. म्हणजे शेवटी सुटलेल्यांना जास्त सोसावं लागलं. पुढच्या वेळी प्रत्येक गटातले स्वार सलग सोडायचे, म्हणजे ज्यांची आपसात तुलना आहे त्यांना वारा सारखाच मिळेल.

वळणावर आम्ही दोघे सहालाच पोचलो होतो. रात्री उसाच्या ट्रॉल्या गेलेल्या, त्यामुळे पाचटाचे तुकडे, दोन-चार कांड्या, कडेला बारीक खडी. खराटा मारून वळणाचा सगळा पट्टा साफ केला, पिंप ठेवलं, चुन्याने बाण काढला. वळण हीच या मार्गावरची एकमेव धोक्याची जागा. दोन्ही बाजूंना शंभर पावलांवर झेंडा घेऊन माणूस हवाच. ट्रॅक्टर आला की झेंडा वर, स्वाराने वेग कमी करायचा. त्यात गेलेला वेळ भरून देत नाही हे आधीच सांगितलं होतं आणि कुणी कुरकुर केली नाही.

वेळ मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सगळ्यांच्या मोबाइलमधलं घड्याळ नेटवर्कवर लावून एकमेकांशी ताडून घेतलं. सुरुवातीला एक जण सीट धरून उभा राहतो, स्वाराचे दोन्ही पाय पॅडलवर, दुसरा पाच-चार-तीन मोजतो आणि धरणारा हात सोडतो. ढकलायचं नाही. शेवटच्या रेषेवर एक जण नंबर आणि वेळ मोठ्याने पुकारतो, दुसरा लिहितो, आणि तिसरा मोबाइल तिपाईवर लावून रेषेचं सलग चित्रीकरण चालू ठेवतो. दोन स्वार एकदम आले तर चित्रीकरण बघून मिटवता येतं. वळणावरही आम्ही प्रत्येकाची वेळ टिपली. त्या मधल्या वेळेने जे दाखवलं ते निकालापेक्षा मोलाचं वाटलं मला.

बहुतेक गडी जाताना सुसाट गेले आणि येताना ढेपाळले. भारी सायकलवाले काही जण तर येताना तीन-तीन मिनिटं जास्त घेऊन आले. आणि अकरावीची एक मुलगी, साधी, पुढे बास्केट असलेली सायकल, जिच्यावर ती रोज गावाहून कॉलेजला येते. तिच्या जाण्याच्या आणि येण्याच्या वेळेत पाऊण मिनिटाचाही फरक नव्हता. वीस किलोमीटर तासाच्या आत, बिनगिअरच्या सायकलवर. सुटायच्या आधी आमच्यातल्या एकाने पान्याने तिची सीट चार बोटं वर घेतली आणि टायर पंपाने कडक केले. एवढीच काय ती तयारी. वळणावर मी तिला बघितलं. ती आधीच थोडी मंदावली, बाहेरच्या अंगाने आली, पिंपाला लागून वळली आणि बाहेर पडताना उभी राहून दोन-चार पॅडल जोरात मारले. शिकवलेलं नव्हतं कुणी. रोज रस्त्यावर असल्याने आलेलं ते.

एक वादाचा मुद्दा मात्र शिल्लक आहे आणि त्यावर सगळ्यांचं मत हवंय. गिअर गटातल्या एका स्वाराच्या पुढे त्याचा मित्र मोटारसायकलवर मागे तोंड करून बसून बराच वेळ व्हिडिओ काढत होता. त्या स्वाराची वेळ धरायची का?

---

गोदाकाठ

नांदेडहून लिहितोय. मनापासून अभिनंदन. आमच्याकडे ब्रेव्हे होतात पण असं काही झालं नाही.

एक मिनिटाचं अंतर ठेवलंत ते योग्य. तीस सेकंदांत काम लवकर उरकतं, पण मग मागचा पुढच्याला गाठणार आणि दोघं जोडीने चालणार. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की गाठणाऱ्याने बाजूने किमान दोन मीटर सोडून पुढे जायचं, आणि एक किलोमीटरनंतर गाठल्या गेलेल्याने किमान पंचवीस मीटर मागे राहायचं. हा नियम सुटायच्या आधी सगळ्यांना तोंडी सांगा. नवख्याला वाटतं की पुढच्याच्या मागे लागणं ही चलाखी आहे. घोळक्याच्या शर्यतीत ती असतेही. इथे ती बसत नाही.

---

पंक्चरवाला लेक

लई चांगलं काम करायलेत तुमी लोक. आमचं दुकान हाय म्हणून एक गोष्ट सांगतो, कुणी लक्षात घेईना गेलंय. आपल्याकडं शर्यत पायानं कमी अन् काट्यानं जास्त हरतेत. दिवाळी झाली की सराटे वाळतेत अन् कडंच्या मातीत पडून राहतेत. बाभळीचा काटा तर बाराही महिने. ट्रॅक्टर आला की सायकलवाला खाली मातीत उतरतो, तिथंच घेतो सराटा. पंक्चर लगेच होत नाही, चार-पाच किलोमीटरनं हवा जाते, मग म्हणतेत ट्यूब खराब.

करायचं काय, तर आदल्या रात्री टायर काढून आतून बोट फिरवायचं, हळू, कापडाच्या चिंधीनं फिरवलं तर अजून बेस, चिंधी अडकती. मोडलेला काटा आतच राहिलेला असतोय, दिसत नाही पर बोटाला लागतो. तो न काढता नवी ट्यूब टाकली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साध्या सायकलला जुन्या ट्यूबची पट्टी कापून टायर अन् ट्यूबच्या मधी घाला, थोडं जड होतंय पर घरी पोचताव. भारी सायकलवाल्यांनी ट्यूबमधी शीलंट, म्हणजे भोक बुजवणारं चिकट पातळ औषध, टाकावं.

अन् डांबर सोडून खाली उतरायची पाळी आली तर उतरा, जिवापेक्षा शर्यत मोठी नाही. फक्त परत वर आल्यावर हातमोजा घातलेला तळवा चालत्या पुढच्या टायरला हलकाच टेकवायचा, सराटा रुतायच्या आत उडून जातो. पर हे सरावानं, पहिल्यांदाच शर्यतीत करू नका.

---

हवेचा दाब

जाताना सुसाट, येताना ढेपाळले, याचं कारण हवा आहे. सपाट रस्त्यावर तीसच्या पुढे गेलं की पायातलं बहुतेक बळ हवा फोडण्यातच जातं, आणि हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी ३० वरून ३३ वर जायचं म्हणजे वेग दहा टक्के वाढला, पण हवेसाठीची शक्ती जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. पहिल्या दोन किलोमीटरांत उत्साहाच्या भरात जे उधळलं ते शेवटच्या पाचात सव्याज वसूल होतं. त्या मुलीने केलं तेच शास्त्राला धरून आहे: सारखा जोर, सुरुवातीला 'हे फारच सोपं वाटतंय' असं वाटलं पाहिजे. वारा समोरून असेल तिथे किंचित जास्त जोर, पाठीमागून असेल तिथे किंचित कमी, कारण वाऱ्याविरुद्धच्या भागात आपण जास्त वेळ असतो.

आणि हवेला अडवतो तो मुख्यतः आपला देह, सायकल नव्हे. त्यामुळे लाखाची फ्रेम घेण्याआधी कोपरं वाकवा, डोकं खांद्यांत घ्या, फडफडणारं जॅकेट काढा. हे फुकट आहे.

टाइम ट्रायलमध्ये काय होऊ शकतं याचं माझं आवडतं उदाहरण १९८९ च्या तूर द फ्रान्सचं, म्हणजे फ्रान्समधल्या अनेक टप्प्यांच्या मोठ्या सायकल शर्यतीचं. शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड हा लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. शेवटचा टप्पा व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. लेमाँडने पुढे हात टेकायचे खास बार लावलेले, डोक्यावर निमुळतं हेल्मेट. फिन्यों साध्या बारवर, उघड्या डोक्याने, मागे शेपटी बांधलेली. लेमाँडने त्या एका टप्प्यात ५८ सेकंद काढले आणि तीन हजारांवर किलोमीटरची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. तूरच्या इतिहासात यापेक्षा कमी फरकाने कुणी जिंकलेलं नाही.

---

रोडबाइकवाला

मी त्या दिवशी उतरलो होतो. आयोजन उत्तम. पण दोन गोष्टी स्पष्ट बोलतो.

पहिली, लेमाँडचा विषय निघालाच आहे तर, हात टेकायचे बार तुम्ही बंद का ठेवलेत? टाइम ट्रायलची ती ओळखच आहे. आम्ही पैसे घालून सामान घेतो ते वापरायचं कुठे?

दुसरी, साध्या सायकलीच्या गटाला गिअर गटाइतकंच बक्षीस. मला त्या मुलीबद्दल आदरच आहे, पण वेगाची शर्यत असेल तर सर्वांत वेगवान माणसाचा मान मोठा असायला हवा. नाहीतर ती पुन्हा रॅलीच झाली.

---

मांजराकाठ

@रोडबाइकवाला, मोकळं बोललात ते बरं केलंत.

बारचं कारण एकच. त्यावर हात टेकले की बोटं ब्रेकपासून लांब जातात. बंद रस्त्यावर चालतं. आपल्या रस्त्यावर वस्तीपाशी कुत्रं आडवं येतं, बांधावरून म्हैस चढते, आणि ट्रॉलीमागून मोटारसायकल अचानक बाहेर निघते. त्यातून आडवा वारा. उद्या पूर्ण बंद मार्ग मिळाला, एखाद्या औद्योगिक वसाहतीतला रविवारचा मोकळा रस्ता म्हणा, तर तिथे बार आणि हवा कापणारी चपटी चाकं दोन्ही चालू करू, अगदी वेगळा गट ठेवून. उघड्या रस्त्यावर नाही. यावर मी हटणार नाही.

बक्षिसाबद्दल माझं मत वेगळं आहे. यादीत सर्वांत वर तुमच्याच गटातलं नाव होतं आणि ते मोठ्याने पुकारलं गेलं, टाळ्याही त्यालाच जास्त पडल्या. मान तिथे मिळालाच. पण ज्या सायकलीवर या जिल्ह्यातली निम्मी पोरं शाळेत जातात, त्या सायकलीच्या वेळेला आपण कमी लेखलं तर ती पोरं पुन्हा येणार नाहीत. आणि वेगवान स्वार त्यांच्यातूनच निघायचाय. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचला, तोही लहानपणी लांबच्या शाळेत पायी जायचा-यायचा. सायकलवर रोज दहा-बारा किलोमीटर करणाऱ्या किती मुली आपल्या भागात आहेत, आणि त्यांची वेळ आजवर कुणी मोजलीच नव्हती.

---

शाळेतल्या बाई

ती मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून लिहिते. आमच्या गावात आठवीपासूनच्या कितीतरी मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळाल्या. गावात बारावीपर्यंतचे वर्ग नाहीत, एसटी वेळेवर नाही, सायकल नसती तर यांतल्या बऱ्याच जणींचं शिक्षण दहावीलाच थांबलं असतं. सायकल मिळते, पण नंतर तिच्याकडे बघणारं कुणी नसतं. सीट मिळाली त्याच उंचीवर, मुलगी वीतभर वाढलेली. ब्रेकचे रबर झिजलेले. चेन कोरडी. तुमच्या माणसाने सीट वर केली हे वाचून मला सगळ्यात आनंद झाला. दादा, पुढच्या वेळी शर्यतीच्या आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर पाना, पंप, तेल घेऊन दोन तास बसा. मुली सायकली घेऊन येतील. शर्यतीत दहाच उतरल्या तरी चालेल, पन्नास सायकली नीट होतील.

आणखी एक. घरच्यांची परवानगी हा मोठा विषय आहे. तिचे वडील आधी नको म्हणत होते. मी त्यांना सुरुवातीच्या रेषेवर आणून उभं केलं, तेव्हा त्यांनी बघितलं की एकेकटी सुटते, धक्काबुक्की नाही, हेल्मेट क्लब देतो, दोन-दोन किलोमीटरवर माणूस आहे. मुली उतरणार असतील तर वाटेवरच्या मार्शलांत निदान दोघी-तिघी बायका असू द्या. मी येईन, आणखी दोघींना आणीन.

---

रोडबाइकवाला

बाई, तुमचं पटलं. आदल्या दिवशीच्या कामाला मी येतो. गिअरचं काम मला चांगलं येतं, साधी सायकल त्यापुढे सोपीच. बक्षिसाबद्दल माझं मत थोडं शिल्लक आहे पण आता ताणत नाही.

बारबद्दल मात्र बंद रस्ता शोधायचं मनावर घ्या मांजराकाठ. मीही विचारपूस करतो.

---

गोदाकाठ

मोटारसायकलच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत स्वाराबरोबरची गाडी किमान दहा मीटर मागे असावी लागते. पुढे नाहीच. पुढच्या गाडीमुळे हवा फुटते आणि मागच्याला फायदा होतो, तो किती झाला हे मागाहून मोजता येत नाही. म्हणून वेळ धरू नये. स्वाराने सांगितलं असो वा नसो, नियम वेळेला लागतो, माणसाला नाही.

---

ढोकीचा पंप

तो मित्र मीच. व्हिडिओ चांगला यावा एवढाच हेतू होता, स्वाराने मला पुढे राहा म्हणून सांगितलेलं नव्हतं, उलट दोनदा हाताने बाजूला हो म्हणून खुणावलं. मला ते 'पुढे चल' वाटलं. त्याला बाद करून नाव खराब करू नका अशी विनंती.

---

मांजराकाठ

@ढोकीचा पंप, स्वतः पुढे येऊन सांगितलंत, आभार. त्याने खुणावलं होतं हे वळणाजवळच्या मार्शलनेही सांगितलं, त्यामुळे त्याच्या वागण्यावर शंका नाही आणि 'बाद' हा शब्द कुठे येणार नाही. पण गोदाकाठ म्हणतात ते खरं आहे, ती वेळ इतरांच्या वेळेशेजारी लावता येत नाही. क्लबातल्या सगळ्यांशी बोललो. यादीत त्याचं नाव राहील, वेळेच्या रकान्यात 'मार्गात वाहन' असं लिहू, आणि त्याला पुढच्या वेळी प्रवेश फी माफ. तो स्वतः हे ऐकून लगेच हो म्हणाला.

पुढच्या वेळेपासून व्हिडिओ फक्त उभं राहून, सुरुवात, वळण आणि शेवट या तीन ठिकाणी. वाटेत कुठलीही मोटारसायकल स्वाराबरोबर चालणार नाही, क्लबाचीसुद्धा. अडचण आली तर जवळच्या मार्शलकडची गाडी जाईल.

तारखेचं बोलू. फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावीचे पेपर आहेत, तेव्हा मुली येणार नाहीत. एप्रिलमध्ये ऊन. मला मार्चचा शेवटचा रविवार दिसतोय, तोवर गाळपही आटोपत आलेलं असेल.

---

शाळेतल्या बाई

मार्चचा शेवटचा रविवार चालेल, पेपर संपलेले असतात. फक्त सात वाजता नका सुरू करू, नऊला ऊन डोक्यावर येतं. त्या सुमाराला साडेसहाच्या आत चांगलं उजाडतं, तेव्हा साडेसहाला पहिली मुलगी सुटू द्या, मुलींचा गट आधी आणि सलग. शनिवारी सायकली तपासायला शाळेचं मैदान देण्याबद्दल मुख्याध्यापकांशी मी सोमवारी बोलते.

---

पंक्चरवाला लेक

शनिवारी मी येतो, दुकान दुपारून बंद ठेवतो. पन्नास सायकली म्हणलात तर ब्रेकचे रबर अन् व्हॉल्व्हच्या नळ्या मी ठोक भावात आणून ठेवतो, क्लबानं फक्त मालाचे पैशे द्यावेत. चेनला तेल घरचं नका आणू कुणी, गोडं तेल घातलं की धूळ धरती.